निरोपाचं पद

"हे वाक्य खोड," मॅडम म्हणाल्या.

माझ्या प्रबंधात मी लिहिलं होतं: या जुन्या संगीत नाटकात बाप सासरी निघालेल्या लेकीला गाऊन निरोप देतो, त्याच पदाला प्रेक्षक हटकून 'वन्स मोअर' देतात. मनोविश्लेषण सांगतं, माणूस दुःख पुन्हा पुन्हा अनुभवून त्यावर ताबा मिळवू पाहतो.

"त्या बापाचं काम माझे वडील करायचे. गावात खेळ असला की मी पहिल्या रांगेत. पद संपलं की सगळ्यांच्या आधी मीच ओरडायचे, 'वन्स मोअर!' कारण पडदा पडला की कंपनी पुढच्या गावाला निघायची आणि बाबा आठ-आठ महिने दिसायचे नाहीत. ताबा कसला गं? मला त्यांना थांबवायचं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "एका खेळाला पदाच्या आधीच मला झोप लागली. त्यानंतर बाबा आलेच नाहीत."

मी वाक्य खोडलं. मग हलक्या आवाजात ते पद म्हटलं. तीन वर्षं अभ्यासून पाठच झालं होतं.

पद संपलं. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांनी काही मागितलं नाही.

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.