धारेतला निरोप

"हे काय लिहिलंय, बाईसाहेब? प्रोग्रॅम की नवस?"

शास्त्रीबुवा खुर्चीत रेलले. ऑफिसात सगळे त्यांना शास्त्रीबुवाच म्हणत; तोंडावर आदरानं, पाठीमागे हसून. माणूस हुशार, पण जिभेला हाड नाही. त्यांच्यासमोर उभी होती ती नवी, नोकरीला नुकतीच लागलेली. तिनं लिहिलेला प्रोग्रॅम इस्पितळासाठी होता. रुग्णानं खाटेजवळचं बटण दाबलं की निरोप सर्व्हरकडे जायचा आणि तिथून नर्सच्या पडद्यावर उमटायचा.

"सर, इथे टेबलावर नीट चालत होता."

"टेबलावर लाकडाचा घोडाही चालतो. वॉर्डात काय दिवे लावले ते सांगा."

"दोन खाटांचे निरोप एकमेकांना चिकटून आले. एकाचा तर निम्माच तुकडा आला."

"आणि तुमचा सर्व्हर त्या तुकड्यालाच अख्खा निरोप समजून कामाला लागला! अर्ध्या हळकुंडानं पिवळा."

मागच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. शास्त्रीबुवांना चेव चढला.

"नेटवर्क म्हणजे नळाची धार, बाईसाहेब. तुम्ही तिकडून तांब्यातांब्यानं ओतलंत म्हणून इकडे तांब्यातांब्यानं पडत नाही. मग निरोप संपला हे ओळखायचं कसं?"

"शेवटी काही खूण ठेवायची?"

"आणि तीच खूण निरोपाच्या पोटात निघाली म्हणजे? आधी लांबी कळवायची, पुढे एवढे बाइट येणार म्हणून. तेवढे हातात पडेपर्यंत सर्व्हरनं हूं की चूं करायचं नाही. एवढंही कळत नसेल, तर घरी बसून लोकर विणा."

नवीचे डोळे भरून आले. बुवांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांचं लक्ष मोबाइलकडे होतं. आज विभागप्रमुख ठरणार होता. त्या खुर्चीसाठी त्यांनी कितीतरी वर्षं झुरून काढली होती. बायकोनं तर माहेरी सांगूनही टाकलं होतं. आणि निर्णय कुणाच्या हाती, तर मोठ्या मॅडमच्या! बुवांच्या हिशेबी ती बाई म्हणजे उत्सवमूर्ती. हार घ्यायचे आणि मान डोलवायची.

मोबाइल थरथरला. मॅडमच. तेही ऑफिसच्या ग्रुपवर, सगळ्यांदेखत.

"शास्त्रीबुवा, उद्यापासून सर्व्हरचं सगळं काम नव्या मुलीकडे द्या. तुमचं टेबल आजच रिकामं करा."

मागचं हसू जागच्या जागी विरलं. बुवांची कानशिलं तापली.

"सर, पाणी आणू?" नवीनं हळूच विचारलं.

"आणा की! अंघोळच करतो तुमच्या नावानं. केसानं गळा कापलात ना?"

"मला खरंच काही ठाऊक नव्हतं, सर."

बुवांचा अंगठा सपासप चालू लागला. "ज्यांना सर्व्हर आणि सरबत यांतला फरक कळत नाही, त्यांच्या हाताखाली राबायची मला हौस नाही. हा माझा राजीनामा. माझ्या जागी एखादी फुलदाणी ठेवा, तुमच्याशी तिचं छान जमेल."

धाडला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. त्यांनी खण ओढला आणि आतल्या वस्तू पिशवीत भरायला घेतल्या.

ऑफिसातले सगळे मोबाइल एकदम वाजले. राजीनाम्याच्या खाली मॅडमचे पुढचे शब्द उमटत होते:

"वरची केबिन तुमच्यासाठी झाडूनपुसून ठेवली आहे. चला मंडळी, आपल्या नव्या विभागप्रमुखांसाठी टाळ्या होऊ द्या!"