जावयाचा पाय

सासऱ्यांनी मला माफ केलं. पण ती माफी मिळालीच नाही, असं धरून चालू.

शिकागोच्या विमानात मी मोजे काढून पाय ताणला आणि तो पुढच्या सीटच्या फटीतून सासऱ्यांच्या कोपराला लागला. पाय लागला की नमस्कार करायचा, ही लहानपणापासूनची सवय. मी उठून पुढे हात घातला, तर हाती त्यांचं टक्कल आलं. ते दचकले आणि चहा मांडीवर सांडला.

"लग्नाला महिना नाही झाला रे!" बायको पुटपुटली.

सासरे ओल्या पँटनिशी उठले. "जावईबापू, तुम्ही पुढे या. इथे समोर सीट नाही, पाय मोकळे होतील." दुखरे गुडघे दुमडून ते माझ्या सीटवर बसले.

सबब, उर्वरित प्रवासासाठी माझी रवानगी सामानकक्षात व्हावी, ही वैमानिकांस नम्र विनंती.