काळीपांढरी फरशी

"वा आजोबा, फर्स्ट क्लास!" डॉक्टर म्हणाले. पार्किन्सनसाठी मेंदूत यंत्राच्या तारा बसवल्यानंतरच्या तिसऱ्या तपासणीत बाबा कॉरिडॉरमध्ये वीस पावलं न अडखळता चालले होते. डॉक्टरांनी फाइलमध्ये 'चाल उत्तम' लिहिलं. "यंत्राचं सेटिंग बदलायला नको. सहा महिन्यांनी या."

"घरी यांचे पाय जमिनीला चिकटतात. या आठवड्यात तीनदा पडलेत," मी म्हणाले.

"ताई, घरी लाड होतात ना, मग असं होतं."

बाबांनी पडल्यामुळे कपाळावर घातलेल्या ताज्या टाक्यांवर टोपी ओढली.

माझी नजर खाली गेली. फरशीवर आडवे पट्टे होते, एक काळा, एक पांढरा. समोर असे पट्टे असले की पार्किन्सनच्या पेशंटचे थिजलेले पाय उचलले जातात, यंत्राशिवायही. हे मी नुसतं वाचलं होतं. डॉक्टर तर शिकले होते.

मी बाबांना शेजारच्या साध्या फरशीच्या खोलीकडे वळवलं. दारातच त्यांचे पाय थिजले आणि धड पुढे गेलं. डॉक्टर सावरायला धावले.

"त्यांना मी धरलंय," मी म्हणाले. "तुम्ही आधी फाइलमधले ते दोन शब्द खोडा."