बटणामागची गाठ

परदेशातल्या विद्यापीठाच्या वसतिगृहात माझ्या नावाचं पार्सल आलं: बाबांनी शिवलेला थंडीचा कोट. खांद्यात चपखल बसला, पण आतून प्रत्येक बटणामागे दोऱ्याची गाठ दिसत होती. उभ्या आयुष्यात बाबांनी गाठ दिसू दिली नाही, माझ्या बाहुलीच्या झग्यालासुद्धा नाही. गाठ ते नेहमी बटणाखाली दडवतात. मी लगेच व्हिडिओ कॉल लावला. “बाबा कुठायत?” “गिऱ्हाइकाकडे गेलेत, माप घ्यायला,” आई म्हणाली. तिच्या मागे खुंटीवर त्यांची टेप लटकत होती. “टेप न नेता?” “दुसरी असेल. तू परीक्षेचं बघ, उगाच फाटे फोडू नकोस.” “कालही ते बाहेरच होते. परवाही. आई, ही बटणं कुणी लावली?” तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा अडखळता, बोबडा आवाज आला: “तरी हिला सांगत होतो, गाठ दडव, पोरगी शिंप्याची आहे.”