वीस तारखेचं पत्र

"सुटला का गं?" बाबांनी चौथ्यांदा विचारलं.

"साडेतीनशे वर्षांचं पत्र आहे, बाबा. जरा दमानं घेऊ द्या."

दप्तरखान्यातल्या दुरुस्तीच्या टेबलावर वाकून लेक पत्राच्या पाठीला चिकटवलेला जाड कागद ओल्या बोळ्याने सोडवत होती. चाळीस वर्षांपूर्वी या टेबलावर बाबाच बसायचे.

"पाठीत काय बघायचंय त्याच्या? राहू दे ना."

"कीड लागलीय आत. राहू दे कसं म्हणू?"

बाबा खिडकीपाशी गेले, लगेच परत आले. काखेत त्यांच्या पुस्तकाची शेवटची प्रुफं होती. चार वाजता छापखान्याचा माणूस ती न्यायला येणार होता. अख्खं पुस्तक एका गोष्टीवर उभं होतं: त्यांच्या गणितज्ञाने आपला शोध चौदा तारखेला लिहून काढला आणि तोच शोध त्याला कळवणारं परगावच्या एका भिंगवाल्याचं हे पत्र वीस तारखेचं. म्हणजे आपला माणूस सहा दिवसांनी पहिला. घरातही बाबा त्याला 'आपला माणूस'च म्हणत. त्याचंही ताट मांडू का, असं आई विचारायची.

कागद सुटला. पाठीवर गणितज्ञाचं किरटं अक्षर होतं. आलेल्या प्रत्येक पत्रामागे ते मिळाल्याची तारीख टाकायची त्याला सवय होती.

"बाबा, पत्र लिहिलंय वीसला आणि मागे..."

"चौदाला मिळालं," बाबा म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

ती बघतच राहिली. लिहिण्याआधी सहा दिवस पोचलेलं पत्र! याचा अर्थ एकच. त्या काळी काही शहरांनी नवं कॅलेंडर घेतलं होतं, जुन्याच्या दहा दिवस पुढचं. भिंगवाल्याचं शहर त्यातलंच, हे आजवर कुणाच्या गावीही नव्हतं. त्याची वीस म्हणजे गणितज्ञाची दहा. पत्र चार दिवसांत पोचलं आणि ते वाचून त्याच दिवशी आपला माणूस 'आपला' शोध लिहायला बसला.

"तुम्हीच चिकटवलंत?"

"सव्वीस वर्षांचा होतो." बाबा म्हणाले. "त्याच्या कागदांना कुणी हात लावत नव्हतं. मीच पुसले, मीच जोडले. तो चोर निघालेला मला बघवेना." मग घाईघाईने, "खळ ओली आहे अजून. परत बसव. कुणाला कळणार आहे?"

तिला त्यांचा राग आला. त्याहून जास्त दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

जिन्यावर पावलं वाजली. छापखान्याचा माणूस वेळेआधीच आला होता.

तिने दुरुस्तीची नोंदवही बाबांपुढे सरकवली. "माझ्याच्यानं नाही होणार. काय लिहायचं ते तुम्हीच लिहा."

बाबांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. पाठीवरचा मजकूर: चौदा तारखेस मिळाले. कागद सोडवला कोणी: तिथे लेकीचं नाव. मग पेन्सिल पानावरून खालीवर फिरत राहिली.

दारावर टकटक झाली. बाबांनी मान वर केली नाही.

"चिकटवला कोणी," त्यांनी विचारलं, "याला रकाना नाही का गं?"