आतून उघडले

"सर, वहिनी दुपारी घरी असतात ना?" मंदारने विचारलं. "तीनच्या सुमारास एकदा येऊन जाऊ का?"

प्राणेशने हातातली मोटर टेबलावर ठेवली. अंगठ्याएवढी मोटर. कुलपाच्या पोटात बसून दाराचा दांडा पुढेमागे सरकवायचा, एवढंच तिचं काम.

"कशासाठी?"

"दार बघायला. तुमचं दार पश्चिमेला आहे, असं वहिनी म्हणाल्या."

वहिनी कधी म्हणाल्या, हे प्राणेशला विचारायचं होतं. पण "गरज नाही," तो म्हणाला. इतके दिवस चोरून जातोय, आता राजरोस जायची सोय बघतोय, असं त्याच्या मनात आलं.

शोळिंगनल्लूरच्या एका स्मार्ट कुलपांच्या कंपनीत प्राणेश खरेदीप्रमुख होता आणि मोटरवाल्यांना त्याचा धाक होता. विक्रेत्याने पुढे केलेला नमुना तो हातातही घेत नसे. नमुना नेहमी निवडक असतो. खोक्यात स्वतः हात घालून तो दहा मोटरी उचलायचा, वजन करायचा, एक फोडून आतले दाते पितळेचे की प्लास्टिकचे ते पाहायचा, बॅटरी उतरत आल्यावर दांडा सरकतो का ते बघायचा. चाचणीची खोली इतकी गार, की त्याची बायको विद्यालक्ष्मी डब्याबरोबर स्वेटरही द्यायची. पंधरा वर्षांत आपल्याला कोणी फसवलं नाही, हे तो दिवसातून एकदा तरी कोणाला तरी ऐकवायचाच.

मंदार नाशिकचा, हाताखालचा इंजिनिअर. नव्या मोटरीचं पहिलं कुलूप प्राणेशच्या अड्यारच्या घराला लावायचं ठरलं, तेव्हा तोच बसवायला आला होता. विद्यालक्ष्मीने कॉफी पुढे केली.

"अस्की पिऊन टाका," ती म्हणाली.

"अस्की म्हणजे सगळी? वहिनी, हे कुठलं मराठी?"

"आमचं तंजावरचं," म्हणून ती हसली. मग तासभर ती बोलत होती आणि हा पठ्ठ्या शब्द फोनमध्ये टिपून घेत होता. प्राणेशही तंजावरचाच, पण त्याची जीभ तमिळकडे वळायची. लग्नाच्या नऊ वर्षांत आपल्या एकाही वाक्यावर ती अशी हसलेली त्याला आठवेना. त्याचा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या फोनवर कुलपाची नोंद आली. 'आतून उघडले. ३.१२.' बोटाचा ठसा नाही, आकडे नाहीत. म्हणजे घरातल्या माणसानेच उघडलेलं. त्याच्या पुढच्या दिवशी ३.०८. मग ३.१५. रविवारी दार उघडंच असायचं, नुसती जाळी ओढलेली, तेव्हा नोंदीचा प्रश्न नव्हता. पाऊस पडला त्या दोन दिवसांतही नोंद नव्हती. पावसात कोण कडमडणार, प्राणेश स्वतःशी म्हणाला.

आणि मंदार रोज तीनला जागेवरून गायब व्हायचा. कोणी म्हणे कँटीनला गेलाय, कोणी म्हणे मोटरी घेऊन गच्चीवर. प्राणेश दोन्हीकडे बघायला गेला नाही. उत्तर त्याला ठाऊक होतं.

मंदारने घरी यायचं विचारलं, त्या संध्याकाळी त्याला राहवलं नाही.

"दुपारी तीनला दार कोणाला उघडतेस?"

"अय्यो, कोणाला उघडूं? त्या वेळीं मी मागच्या खोलींत फोनवर पोरींना वीणा शिकवतें. कसाला विचारतांत?"

"मंदार येतो."

विद्यालक्ष्मीने त्याच्यापुढचा कॉफीचा पेला उचलला. "तुम्हीं मोटर फोडून बघतांत, तसं मलाही फोडून बघणार कां?"

सकाळच्या गाडीने ती तंजावरला माहेरी गेली. जाताना तिने स्वेटर घडी करून डब्याशेजारी ठेवला होता. डबा रिकामा होता.

ऑफिसात टेबलावर मंदारचा अहवाल पडला होता, अकरा पानांचा. मोटर नाकारावी, असं पहिल्याच ओळीत होतं. पुढे वाचायची प्राणेशला गरज वाटली नाही. कालचा पोरगा आता आपल्याला मोटर शिकवणार! त्याने अहवाल खणात टाकला आणि चाळीस हजार मोटरींच्या ऑर्डरवर सही केली. मग मंदारला बोलावलं.

"दोन महिने कोइमतूरच्या कारखान्यात जायचं. आजच, बाराच्या गाडीने."

मंदार गडबडला. "सर, अहवाल वाचलात?"

"अस्की वाचला," प्राणेश म्हणाला.

मंदारचा चेहरा पडलेला पाहून त्याला बरं वाटलं. खूप दिवसांनी बरं वाटलं.

त्या दिवशी तो अडीचलाच घरी आला. दार लावलं, मोटर गुरगुरली, दांडा खट्कन बसला. त्याने ओढून पाहिलं. पुन्हा एकदा ओढून पाहिलं. मग मंदारला काहीतरी कामाचं निमित्त काढून फोन लावला. पलीकडे गाडीची धडधड ऐकू आली. तंजावरहून विद्यालक्ष्मीचा एका शब्दाचा निरोप येऊन पडला होता: 'पोंचलें.'

आज आतून दार उघडायला घरात कोणी नव्हतं आणि बाहेरून यायलाही कोणी नव्हतं. दिवाणखान्यात उकडत होतं. त्याने पंखा लावला, सोफ्यावर आडवा झाला. चार दिवस जाऊ दे, मग तिला आणायला जावं, थोडं मराठी बोलावं, असं काहीबाही ठरवत त्याचा डोळा लागला.

फोन वाजला तशी त्याला जाग आली. 'आतून उघडले. ३.१२.'

प्राणेशने मान वळवली. पंख्याच्या वाऱ्याने दार हळूहळू उघडत होतं. बाहेर कोणी नव्हतं. उंबऱ्यापासून तापलेल्या कुलपापर्यंत नुसतं पश्चिमेचं ऊन होतं.