कोरी दोन वर्षं

‘मधली दोन वर्षं कोरी का?’ असं तिनं बायोडेट्याच्या कडेला लिहिलं आणि खाली आपलं ठेवणीतलं वाक्य चिकटवलं. ‘असा खंड दिसला की माणसानं आयुष्याचं काहीच नियोजन केलं नाही, असा अर्थ निघतो. पटेल असं कारण द्या, नाहीतर ती वर्षं नजरेत येणार नाहीत अशी मांडणी करा.’

हे वाक्य तिच्याकडून दिवसातून दहा जणांना तरी जायचं. नोकरी शोधणाऱ्यांना फुकट सल्ला देणारी ती वेबसाइट होती आणि तिथला नियम कडक होता. तपासणाऱ्याला नाव, पत्ता, कारखाना काही दिसत नसे. पाठवणाऱ्यालाही तपासणारं कोण ते कळत नसे. ओळखीपाळखीला वाव नको म्हणून. दिसायची ती फक्त कामं आणि वर्षं.

हा एक टर्नर होता. वय छप्पन्न, जन्म सगळा एकाच कारखान्यात लेथ मशीनवर गेलेला. पूर्णविरामाशी त्याचं काय वाकडं होतं कोण जाणे, सगळं आयुष्य एका दमात लिहून मोकळा झाला होता.

तिचे बाबाही टर्नरच. आज सकाळीही त्यांनी दोन डबे भरले होते, एक तिचा, एक स्वतःचा, आणि तिच्या आधी घराबाहेर पडले होते. ती कुठल्या साइटचं काम करते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायची सोयच तिनं ठेवली नव्हती. त्यांच्या नोकरीचा विषय निघाला की ती त्यांनाच सुनवायची. मागून आलेली पोरं सुपरवायझर झाली आणि तुम्ही शेवटच्या लेथवर उभे ते उभेच, तुम्ही कधी पुढचा विचारच केला नाहीत, बाबा. ते नुसते हसायचे. त्या हसण्याचा तिला फार राग यायचा.

दुपारी टर्नरचं उत्तर आलं.

‘कारण आहे पण लिहिण्यासारखं नाही मुलगी सात वर्षांची होती कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर तिची आई आधीच गेलेली घरात दुसरं कोणी नाही मी सुपरवायझर व्हायचा होतो त्याच महिन्यात नोकरी सोडली घरी बसून लोकांना किल्ल्या घासून दिल्या मुलीला सांगितलं कारखाना बंद आहे नाहीतर आपल्यामुळे बाबा अडकले असं तिच्या मनाला लागलं असतं दोन वर्षांनी परत घेतलं पण शेवटच्या लेथवर आता कारखाना खरंच बंद झाला दीड महिना झाला रोज डबा घेऊन निघतो लायब्ररीत कॉम्प्युटरवर बसतो मुलगी पुढच्या महिन्यात पुढचं शिकायला बाहेर जाणार आहे तिला कळलं तर जाणार नाही त्याच्या आत कुठेतरी लागलो पाहिजे ती दोन वर्षं लपवायची तर लपवा तुम्ही सांगाल तसं’

तिनं ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिच्या कानात कानशीचा आवाज घुमायला लागला, पितळेवर घासणाऱ्या. पलंगाशेजारी स्टूल टाकून बाबा किल्ल्या घासत बसायचे आणि ती उताणी पडून तो आवाज ऐकत झोपायची. कारखाना बंद पडलाय याचा तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता. तो कधी उघडूच नये, असं ती मनोमन म्हणायची.

शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का. तिनं मान हलवली. मग ठेवणीतलं वाक्य यादीतून पुसून टाकलं आणि उत्तर लिहायला घेतलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी एवढंच राहिलं: ‘ती दोन वर्षं लपवू नका. मुलगी आजारी होती, असं स्पष्ट लिहा. आधीचा सल्ला चुकीचा होता.’ खाली स्वतःचं नाव घालायची सोय नव्हती. नियमच तसा होता.

संध्याकाळी बाबा नेहमीच्या वेळेला आले. डबा मोरीत ठेवला, बाह्या दुमडल्या आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, रोज धुवायचे तसेच. त्यांची नखं स्वच्छ होती. बोटांच्या पेरांत वर्षानुवर्षं मुरलेला तेलाचा काळपटपणाही ओसरत आला होता. दीड महिना रोज ते हात तिच्यासमोर पुसले जात होते आणि तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

आत्ता बोलले तर त्यांची दीड महिन्याची पायपीट मातीत जाईल, आणि नाही बोलले तर ते एकटेच ती करत राहतील. तिनं टॉवेल पुढे केला.

"कारखाना कसा चाललाय, बाबा?"

त्यांनी एकेक बोट सावकाश पुसलं.

"जोरात. मान वर करायला फुरसत नाही बघ. तू आपली बॅग भरायला घे."

बावीस वर्षांपूर्वी तिच्या प्लास्टरवर हात ठेवून ‘कारखाना बंद आहे गं, मला दुसरं काय काम’ म्हणताना लागला होता, अगदी तोच हा आवाज होता.